कानात सांगायचा डायलॉग

आमच्या पिक्चरमध्ये सगळे का बोंबलतात, असं विचारण्याआधी भिवंडीत आमच्या गल्लीत राहून बघा. भिंतीला भिंत लावून कापडाचे पॉवरलूम. त्या खडखडाटात रेकॉर्डिंग होणार कसं? म्हणून लाईट जाऊन लूम बंद पडले, की आमचं मोबाईलवर शूटिंग सुरू.

त्या दिवशीचा सीन असा, की शेजारच्या खोलीत बाप झोपलाय आणि आमचा हीरो सागर हिरोइन पल्लवीच्या कानात मनातलं सांगतो. दुपारी लाईट गेली. मी म्हटलं, "अ‍ॅक्शन!"

सागर गरजला, "लग्न करशील माझ्याशी?"

"अरे, हळू बोल!" मी ओरडलो.

"हळूच बोलतोय!" तो ओरडला. सारा जन्म लूमशेजारी काढलेला, दुसरं काय होणार?

तीन टेक झाले. तिन्ही गल्लीभर ऐकू गेले. चौथ्याला समोरच्या कारखान्यातले चाचा खिडकीतून कळवळून म्हणाले, "अरे बेटी, जवाब दे दे! लाईट आ जाएगी!"

पल्लवी लाजली. आमच्या पिक्चरमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी हळू बोललं, आणि तेवढ्यात लाईट आली, लूम खडखडले.

चाचा अजून भेटले की विचारतात, "फिर क्या बोली वो?"

चाचांचं सोडा, सागरही तेच विचारतो.