सिडनीची चॉकलेटं

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर साठीचं एक जोडपं बसलं होतं. बाईंच्या मांडीवर चॉकलेटांची पिशवी होती.

"अहो, किमतीची लेबलं काढा सगळी. मळमड्डी यायच्या आत."

"हुबळीची चॉकलेटं सिडनीची म्हणून वाटायची! लाज वाटते मला."

"मग रिकाम्या हातानं जायचं? अख्खी गल्ली वाट बघत बसलीय."

"श्रीहर्ष घेऊन देत होता की तिथं."

"कशातनं देणार लेकरू? निम्मा पगार भाड्यात जातोय. एकच खोली, तीही आपल्याला दिली."

"आणि मित्राकडं झोपतो म्हणाला."

"तुम्ही पहाटे फिरायला गेला नसता, तर कळलंसुद्धा नसतं."

"स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपला होता गं. तू जुन्या लुगड्यांची शिवलेली कौदी पांघरून."

"उठवायचं होतं की."

"कुठल्या तोंडानं उठवू?"

उणकलला एक बाई चढल्या.

"अय्या, काकू! तीन महिने राहणार होता की! करमलं नाही होय?"

"नाही करमलं बाई."

"घर कसं आहे श्रीहर्षचं?"

"ऐसपैस आहे. हे घे, चॉकलेट. तुझ्या पोरांसाठी त्यानं मुद्दाम दिलंय."

"गुणाचा आहे हं पोरगा! आमचा प्रभंजन पुढच्या महिन्यात तिकडंच चाललाय. नोकरी लागेपर्यंत श्रीहर्षकडं राहिला तर चालेल न्हवं?"

"चालेल की. जागेला काय तोटा!"

"अण्णा, तुमची हरकत नाही न्हवं?"

"राहू दे की. त्याच्याबरोबर एक कौदी तेवढी दे. जाड दे."