वाफ्यातला गाळ

मायबाप हो, जरा जवळ सरका. दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी नणंदा-भावजया बसल्या होत्या. भावजयीच्या गरोदर सुनेचं रक्त तपासायला दिलं होतं. त्यांचं बोलणं ऐकलं तसं सांगतो.

"वहिनी, पूर ओसरला की गाळ आपण दरवर्षीच वाफ्यात घालतो."

"यंदा नदीचा काठ ढासळला ना, वन्सं. कारखान्यानं तिथं पुरलेली शिशाच्या कचऱ्याची पिंपं उघडी पडून फुटली."

"कोण म्हणालं?"

"पाणी तपासायला आलेल्या बाई. आता पाऊसच असा कोसळतो, की काठ तग धरत नाहीत म्हणे."

"आणि आपण तोच गाळ..."

"मीच आणला, टोपल्या भरभरून! भाजी काय तरारली होती! सुनेला आग्रहानं वाढली. म्हटलं, दोन जिवांची आहेस, खा."

"माझा दादा इतकी वर्षं तुमच्या हातचं खाऊन धडधाकट आहे की!"

"थट्टा कसली सुचते तुम्हाला?"

"थट्टा नाही केली तर रडू फुटेल हो."

"शिसं आईच्या रक्तातून बाळात उतरतं, वन्सं."

इतक्यात नर्सनं दारातून हाक मारली, "सासूबाई कोण? आत या." दोघींपैकी एकीलाही उठवेना.

मायबाप हो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोटातल्या लेकराची आठवण ठेवा.