सानवीचं सात रंगांचं वेळापत्रक

हॅलो?… हो, दमयंतीच बोलतेय. बोल रुपाली… थांब, शिलाई मशीन बंद करते.

हां… फिजिक्सला पंचवीसपैकी चार. तुला आज कळलं? मला महिनाभर ठाऊक आहे गो! माझ्याच घरात राहते ना तुझी लेक.

म्हणून काय, चिपळूणहून उचलून वेळणेश्वरला परत नेतेस?… अगं, ऐक ना… आधी ऐक!

ढ नाही ती. फाजील शहाणी आहे! अकरावीला इथं आली, आणि पहिलं काय केलंन? भिंतीवर वेळापत्रक. सात रंगांत! पहाटे पाचला गणित, हिरव्या शाईत. उठायची कधी? साडेसातला. तेही मी पंखा बंद केला की.

हो, हो, वह्या सुंदरच… लग्नपत्रिका छापून घ्याव्यात तिच्याकडून. पुस्तकाचं अख्खं पान पेनानं पिवळं करते. मग त्यात महत्त्वाचं काय? कोरा राहिलेला समास?

आणि 'अभ्यास कसा करावा' याचे व्हिडिओ, रोज दोन तास! अभ्यासाला वेळ उरतोय कुठे?

काय?… दहावी मराठीतून, आता सगळं इंग्रजी, म्हणून जड जातं? मग उतरवून काढलं की हलकं होतं वाटतं?

मी काय केलं? तो चाराचा पेपर आला त्या संध्याकाळी पुस्तक मिटायला लावलं. म्हटलं, मी आठवी पास, ब्लाउजला हुक लावत बसलेय. मला समजाव, ते अ‍ॅक्सिलरेशन काय ते. लगेच वही उघडायला गेली! पाच पानं लिहिलेली, डोक्यात काही नाही.

रडली. रडू दिलं… हो, आहेच मी दुष्ट. पुढचं ऐक. डोळे पुसलेन, पुस्तक वाचलंन, पुन्हा मिटलंन. म्हणाली, "मावशी, एसटी स्टँडातून सुटते, मग तिचा वेग वाढत जातो ना, ते." मला कळलं, रुपाली! मला!

महिना झाला. रोज तासभर मला शिकवते, मग कोऱ्या कागदावर गणितं. मागचं उत्तर बघायचं नाही. वेळापत्रक तिनंच काढून टाकलंन.

कालच्या चाचणीत?… अकरा… हसतेस काय? चाराचे अकरा झालेत! आणि घरी आल्याआल्या चुकलेलीच गणितं घेऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

कोण? सानवीच्या वर्गातली, हौसाची नात? तिला बावीस?… मग तिलाच ने वेळणेश्वरला!

सानवीचे बाबा म्हणतात बारावी झेपणार नाही? बारावी पुढच्या वर्षी आहे म्हणावं. अभ्यासाला बसायचं कसं, ते तरी यंदा शिकू दे.

उद्या येतेस? ये. मासळी आण. तिची बॅग मात्र मी भरणार नाही.

तिलाच विचारायचंय?… थांब. सानवी! आईचा फोन!… सानवी!

…

नाही म्हणते. गणित अर्ध्यावर आहे, सुटलं की करते फोन.

ऐकलंस?… नाही गो, मी नाही पढवलं… रुपाली, ठेव आता. हातानं खुणावतेय मला… हळू बोल म्हणते.