चौथा इलेक्ट्रॉन कुणाचा?

(ट्रोम्सो, नोव्हेंबर. डॉक्टरेटच्या जाहीर परीक्षेची मधली सुट्टी. सभागृहामागच्या खोलीत उमेदवार सिग्नी आणि तिचे मार्गदर्शक, प्राध्यापक आर्नफिन.)

आर्नफिन : तीन! भरल्या सभागृहात तू सरळ ‘तीन’ म्हणालीस!

सिग्नी : आधी दार लावा. आई बाहेरच उभी आहे, सणाचा पोशाख घालून.

आर्नफिन : उभी असू दे. प्रबंधात काय छापलंयस तू? कॉरोल रेणूच्या कड्यात मधोमध बसलेल्या लोखंडाने चार इलेक्ट्रॉन गमावलेत. चार! पानोपानी. परीक्षक बाईंनी साधं विचारलं, खात्री आहे ना? तर म्हणे, नाही!

सिग्नी : त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? मला वाटतं ते मी सांगितलं.

आर्नफिन : वाटतं म्हणे! अर्धं आयुष्य घातलंय मी त्या चारात. चुंबकाची मापनं तूच केलीस ना? दोन सुटे इलेक्ट्रॉन मिळाले की नाही?

सिग्नी : मिळाले की. पण लोखंडाने तीनच दिले असतील आणि चौथा कड्याने स्वतःच्या अंगचा दिला असेल, तरीही दोनच मिळतात. लोखंडावर तीन सुटे, कड्यावर एक उलट्या तोंडाचा. वजाबाकी करा. चुंबकाला यातला फरक कळतच नाही.

आर्नफिन : शंका कुणीही काढेल. पुरावा?

सिग्नी : प्रबंध छापायला गेला, त्यानंतर मी कड्याच्या कडेचे गट बदलून पाहिले. आधी इलेक्ट्रॉन ओढून घेणारे, मग देणारे. कडं या भानगडीत नसतंच, तर वर्णपटातली त्याच्या रंगाची पट्टी जागची हलली नसती.

आर्नफिन : आणि?

सिग्नी : सरकली. प्रत्येक वेळी सरकली.

आर्नफिन : मला का नाही दाखवलंस?

सिग्नी : दोनदा आले होते. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, नमुना अशुद्ध असेल. दुसऱ्यांदा माझं वाक्य अर्धवट सोडून, स्की उचलून डोंगरावरच्या घरी निघून गेलात.

आर्नफिन : बरं. ऐक आता. सुट्टीनंतर दुसरे परीक्षक उठतील. त्यांना सांग, घाबरले होते, बोलण्यात चूक झाली. असं होतं, लोक समजून घेतात.

सिग्नी : नाही सांगणार.

आर्नफिन : पदवी अडकेल! स्वतःच्याच प्रबंधाच्या विरोधात उभी राहिलीयस तू, कळतंय का?

सिग्नी : कळतंय. आणि तुमचा चार सगळाच खोटा नाही. या नमुन्यांत लोखंडाला क्लोरीन जोडलाय; त्याऐवजी फिनाईल हा कार्बनचा गट जोडला, की कडेचे गट कितीही बदला, पट्टी हलत नाही. तिथे लोखंड खरंच चार देतं.

आर्नफिन : मला खैरात नकोय तुझी!

सिग्नी : मापन तसं आलंय. तुम्हाला नको असलं तरी ते तसंच राहणार.

बर्गल्योत : (दार उघडून) येऊ का आत? जरा हळू बोला, बाहेर सगळं ऐकू जातंय.

सिग्नी : या ना. परीक्षेच्या अध्यक्षांना कोण अडवणार?

बर्गल्योत : नेहमीचं विचारायला आलेय. श्रोत्यांपैकी कुणाला उमेदवाराच्या विरोधात प्रश्न विचारायचा असेल, तर सुट्टी संपायच्या आत माझ्याकडे नाव द्यायचं. कुणी देत नाही म्हणा कधी.

आर्नफिन : माझं लिहा.

बर्गल्योत : तुमचं? मार्गदर्शकाचं? थट्टा करू नका, आर्नफिन.

आर्नफिन : नियमात मनाई आहे?

बर्गल्योत : तशी नाही. पण असं मी तरी पाहिलेलं नाही.

सिग्नी : सगळ्यांदेखत पाडणार मला? आईसमोर?

आर्नफिन : परीक्षक छापलेल्या पानांवरच विचारतील. तुझ्या पट्ट्या त्या पानांत नाहीत. त्या पुढे आल्याच नाहीत, तर तुझं ‘तीन’ म्हणजे नुसती तोंडची वाफ ठरेल. श्रोता मात्र काहीही विचारू शकतो.

सिग्नी : म्हणजे तुम्ही...

आर्नफिन : म्हणजे मी विचारणार, चौथा इलेक्ट्रॉन कुणाचा गेला? आणि सोपं विचारणार नाही. नमुना शुद्ध होता कशावरून, तिथूनच सुरुवात करेन. आलेख आहेत जवळ?

सिग्नी : लॅपटॉपमध्ये. फिनाईलचेसुद्धा.

आर्नफिन : ते आधी दाखवू नकोस. आधी क्लोरीनचे. माझ्यावर दया दाखवलीस, तर लोकांना दिसेल.

बर्गल्योत : जरा विचार करा. संध्याकाळच्या मेजवानीत भाषणही तुमचंच आहे.

आर्नफिन : नाव लिहिलंत का?

बर्गल्योत : लिहिलं. चला, लोक आत बसायला लागलेत.

सिग्नी : आर्नफिन... माझं उत्तर तुम्हाला पटलं तर?

आर्नफिन : तर मी खाली बसेन.