खिडकीकडचा गाल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले त्वचारोग विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब, मेट्रनबाई, स्वयंपाकघरातली माझी सगळी मंडळी, आणि एकोणतीस वर्षं माझ्या नावाने बोटं मोडत का होईना, पण पथ्य पाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी इतकं कौतुक केलं, की या बाई कोण, एकदा भेटायला हवं असं मलाच वाटायला लागलं. मी वॉर्डात शिरले की उशांखाली बिस्किटांचे पुडे सरकवल्याचा आवाज यायचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. असो. दुसऱ्याच्या ताटात नाक खुपसणं हाच आम्हा आहारतज्ज्ञांचा धंदा.

अध्यक्षांनी आत्ता जाहीर केलं, की 'त्वचा आणि आहार' ही माझी पुस्तिका रुग्णालय पुन्हा छापणार, एक शब्दही न बदलता. मान मोठा आहे, पण मला तो घेता येत नाही. का, तेवढं सांगायला उभी राहिले. नाहीतर मी गुच्छ घेऊन गुपचूप घरी जाणारी बाई.

आपली स्टाफ-बस चालवणारे दादा तुम्हाला आठवतात. तुमचे ते बसवाले दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. पंचवीस वर्षं एकच रस्ता. सकाळी येताना ऊन उजवीकडून. संध्याकाळी सूर्य पलीकडे गेलेला, पण बसही उलटी वळलेली, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच. ड्रायव्हरची खिडकीही उजवीकडे आणि दादाची काच कायम खाली. आपण सगळे मात्र चढायचो डावीकडच्या दाराने.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी तो घरी आला. म्हणाला, चेहऱ्यावर हे काय उठलंय बघ गं. मी याच पुस्तिकेची मुद्रितं तपासत होते. चष्म्यावरून नजर टाकली. खरखरीत डाग, कानशिलाजवळ एक खपली. म्हटलं, चहात चार-चार चमचे साखर ढोसतोस, दिवसभर तळलेलं चरतोस, दुसरं काय होणार? तिथल्या तिथे तक्ता लिहून हातात दिला. त्याने विचारलं, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू का? मी म्हटलं, आधी पथ्य तर पूर्ण कर.

आता दादा म्हणजे खाण्याचा किती शौकीन! घरात गोड केलं की भांडं घासायची गरज पडायची नाही. त्याने सगळं सोडलं. डब्यात उकडलेल्या भाज्या नेऊ लागला. बाकीचे ड्रायव्हर हसले तर म्हणायचा, माझी बहीण शिकलेली आहे. आणि मी रोज सकाळी बसमध्ये चढताना त्याचा गाल निरखायची. तुकतुकीत. म्हणायची, बघ, येतोय की नाही गुण? तो नुसता हसायचा. मी बघत होते तो डावा गाल होता हो.

अशी तीन वर्षं. त्या बसमध्ये त्वचेचे दोन डॉक्टर रोज चढत होते, पण त्यांना मी दोष देणार नाही. त्यांनाही तोच गाल दिसत होता, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खपली भरेना, मानेत गाठ आली, तेव्हा व्यासपीठावरच्या या डॉक्टरसाहेबांकडे नेलं. साहेबांनी त्याचा चेहरा हातांनी दोन्हीकडे वळवून पाहिला आणि विचारलं, "तुमची खिडकी या बाजूला असते का?" हा त्वचेचा कर्करोग आहे; खाणं चांगलं हवंच, पण उन्हाने वर्षानुवर्षं जाळलेली कातडी ताटातून दुरुस्त होत नाही, हे त्यांनी मला नंतर हळू आवाजात समजावलं. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईला. साहेब, तुम्ही तेव्हा रागावला असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी दादा इथेच, आपल्याच वॉर्डात होता. एका सकाळी चहा आला. तोवर त्याला गिळताही येत नव्हतं धड. तरी माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "छोटे, थोडी साखर घालू का?"

मी चार चमचे घातले. दोन घोट गेले. मग त्याचा हात धरून मी सगळं बोलून टाकलं, की मी चुकले, माझ्यापायी तीन वर्षं वाया गेली. मलाच ताप चढल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "वेडी आहेस. आई गेल्यापासून माझ्या ताटात काय आहे, हे विचारणारी तू एकटीच."

पाच दिवसांनी तो गेला.

तेव्हा पुस्तिका छापायचीच असेल, तर पहिल्या पानावर ऊन येऊ द्या. टोपी, लांब बाह्या, भर दुपारी सावली. आणि महिनाभर न भरणारी जखम असेल, तर माझ्यासारखीला न विचारता थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ताटाचं मागाहून बघू.

आपण सगळे कामं सोडून आलात, ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात हे असं बोलले, काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. माफी मी दादाकडेही मागितली होती. पण माफ करायला आधी समोरच्याची चूक पटावी लागते, आणि माझी चूक त्याला शेवटपर्यंत पटली नाही.