आईच्या गुडघ्यांची गोळी

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या इस्पितळात सुमिनी नवऱ्याच्या हृदयतपासणीसाठी थांबली होती. शेजारी दोन बहिणी बोलत होत्या.

“ताई, हृदयाच्या पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांनी आईच्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या ना?”

“हो.”

“त्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या आतून बिघडतात, गुठळी होते, असं बजावलं होतं. मग तिच्या उशाखाली कुठून आल्या?”

“मी आणल्या. बाजारात सगळा जन्म पाठीवर पोती वाहिली तिने. गुडघे धरून रडायची.”

“म्हणून मारायचं तिला?”

आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून सुमिनीने मान खाली घातली.

“तू सुराबायाहून फोन करायचीस. मी सांगायचे, बरी आहे, चालते-फिरते. कशाच्या जोरावर चालत होती, वाटलं तुला?”

तेवढ्यात आईच्या खोलीतून नर्स बाहेर आली.

“आता फार वेळ उरलेला नाही. एकेकीने भेटून घ्या.”

“तू जा आधी. तुझी वाट बघत होती.”

धाकटी आत गेली आणि लगेच परत आली.

“ओळखलं तुला?”

“ओळखलं. गुडघ्यांवरून हात फिरव म्हणाली. हात लावला तर किंचाळली गं.”

थोरलीने तिला जवळ घेतलं. धाकटी तिच्या खांद्यात तोंड खुपसून पुटपुटली,

“ताई, एखादी गोळी आहे का गं अजून तुझ्याकडे?”