निवायला सोळा तास

शिरोलीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर फौंड्रीतला एक म्हातारा मिस्त्री आणि प्लॅनिंगमधली एक पोरगी बसली होती.

"हे बघा, ज्ञानूमामा. नवं प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर फोनवर पण दिसतंय. सगळ्या ऑर्डरी एकमेकीला जोडल्यात. तुमचं ओतकाम एक दिवस सरकलं, की पुढचं मशीनचं काम आपोआप सरकतंय."

"व्हय? मग पंपाचं कास्टिंग ओतल्यावर मशीनवर कवा चढवायचं म्हणतंय?"

"लगेच. पाचला ओतून झालं, की पाचला मशीनवर."

"आणि ते निवायचं कवा, क्रांती?"

"म्हणजे?"

"अगं, साचा फोडला तरी आत धग असती. गरम मशीनवर धरलं की माप चुकतंय."

"मग आजवर कसं चाललं?"

"मी हात जवळ धरून बघतोय. मी सोडल्याबिगर मशीनवर जातंय कुठं?"

"किती तास घालू?"

"मोठ्या पंपाला सोळा घाल."

"घातले. आता थांबायचं कारण विचारतंय. काय लिहू?"

"ज्ञानू सोडत न्हाय, म्हणून लिव."

"अहो मामा, तुम्ही एकतीस तारखेला रिटायर होताय."

"व्हय की. म्हणूनच लिव."